टोळ, नाकतोडा आणि आपला सडा

(व्याख्यानाचा मजकूर)



भाषेच्या व्यासपीठावर किड्यांचा विषय कशासाठी, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझे उत्तर सरळ आहे. एखाद्या वस्तूला नाव देताना आपण तिला शेजारच्या वस्तूपासून वेगळी काढतो. हे वेगळे काढणे ढिले पडले की शब्द जागेवर राहतो आणि अर्थ सरकतो. मग त्या सरकलेल्या अर्थावर माणसे निर्णय घेतात, औषधे फवारतात, जमिनीचे वर्ग ठरवतात. आज मी टोळ आणि नाकतोडा या दोन शब्दांविषयी बोलणार आहे, आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या सडा या तिसऱ्या शब्दाविषयी. पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके मी उदाहरणासाठी घेतले आहेत, कारण समुद्रकिनाऱ्यापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत नाकतोड्यांचे बहुतेक सगळे अधिवास या दोन तालुक्यांत सापडतात.

सुरुवात २०२० सालापासून करू. त्या वर्षीच्या मे महिन्यात वाळवंटी टोळांच्या झुंडी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात शिरल्या. अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी थाळ्या वाजवल्या, धूर केला, कृषी खात्याने रात्री फवारण्या केल्या. टाळेबंदीचे दिवस होते. माणसे घरात आणि हातात फोन. त्याच सुमारास आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर जिल्ह्यात आणि तामिळनाडूतल्या कृष्णगिरी जिल्ह्यात टोळधाड आल्याची हाकाटी उठली. तज्ज्ञांनी जाऊन पाहिले तर रुईच्या झाडांवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे नाकतोडे घोळक्याने बसलेले. ते रुईवर जगणारे नाकतोडे. त्यांच्यापासून पिकाला टोळधाडीसारखा धोका नव्हता. गोव्यात वाळवंटी टोळांच्या झुंडी पोचल्या नाहीत. तरीही बागेतला एखादा मोठा नाकतोडा दिसला की त्याचा फोटो पाठवून "हाच का तो टोळ?" असे विचारणारी माणसे त्या पावसाळ्यात पुष्कळ होती. प्रश्न विचारला हे उत्तमच. पण त्याचे उत्तर देण्याइतके शब्द आपल्याजवळ स्पष्ट आहेत का, हा आजचा मुद्दा आहे.

मराठीत टोळ या शब्दाभोवती सगळे वातावरण संकटाचे आहे. टोळधाड म्हटले की उभे पीक डोळ्यांसमोर नाहीसे होते. टोळभैरव म्हटले की गावात उनाडक्या करत फिरणारे टोळके आठवते. जुन्या संस्कृत ग्रंथांत शेतीवरच्या ज्या ईती, म्हणजे आपत्ती, सांगितल्या आहेत त्यांत अतिवृष्टी आणि अनावृष्टी यांच्या बरोबरीने शलभ येतात, तेही हेच. नाकतोडा हा शब्द मात्र घरगुती आहे. त्याच्या नावात नाक आणि तोडणे दोन्ही असल्यामुळे लहान मुले नाक झाकून पळतात. प्रत्यक्षात तो कोणाचे नाक तोडत नाही. त्याचा जबडा पान कुरतडण्यासाठी बनलेला आहे, आणि फार चिमटीत धरला तर तोंडातून तपकिरी रस सोडण्यापलीकडे तो काही करत नाही. शिवाय हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. पुढचे पाय जोडून बसणाऱ्या प्रार्थना कीटकालाही अनेकजण नाकतोडाच म्हणतात. तो कीटक पूर्ण वेगळ्या गणातला, आणि खुद्द नाकतोड्यांना धरून खाणारा आहे. भक्ष्य आणि भक्षक यांना एकच नाव!

मग टोळ आणि नाकतोडा हे दोन वेगळे प्राणी आहेत का? याचे उत्तर १९२१ साली मिळाले. बोरिस उवारोव्ह या रशियात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये काम केलेल्या कीटकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ज्यांना तोवर दोन वेगळ्या जाती समजत होते ते कीटक एकाच जातीची दोन रूपे आहेत. विरळ वस्तीत तो कीटक एकटा राहतो, परिसराच्या रंगात मिसळतो, आपल्याच भाईबंदांना टाळतो. पाऊस चांगला झाला, संख्या वाढली आणि नंतर चारा आकसून सगळे एका ठिकाणी दाटले, की त्याच जातीच्या पिल्लांचा रंग बदलतो, बांधा बदलतो, वागणूक बदलते. ती एकमेकांकडे ओढली जातात, जथ्याने चालू लागतात आणि पंख फुटल्यावर झुंडीने उडतात. पुढे प्रयोगांतून कळले की गर्दीत मागच्या पायांना वारंवार होणारा स्पर्श हा बदल सुरू करायला पुरेसा असतो. २००९ साली हेही उघड झाले की त्या वेळी कीटकाच्या मज्जासंस्थेत सेरोटोनिन नावाचे रसायन वाढते.

म्हणजे प्रत्येक टोळ हा नाकतोडाच असतो, पण प्रत्येक नाकतोडा टोळ होऊ शकत नाही. आखूड शृंगिकांच्या नाकतोड्यांच्या जगात हजारो जाती आहेत. त्यांपैकी टोळ म्हणाव्यात अशा जाती साधारण वीस. टोळ हे जातीच्या नावाइतकेच एका अवस्थेचे नाव आहे. आपल्या पूर्वजांनी 'टोळ' आणि 'टोळधाड' असे दोन शब्द ठेवले यात मला शहाणपण दिसते. कीटक वेगळा आणि धाड वेगळी.

धाडीचा आवाका किती असतो तेही सांगतो. वाळवंटी टोळांच्या एक चौरस किलोमीटरच्या झुंडीत चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. प्रत्येक टोळ दिवसाला सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे आपल्या वजनाइतका, पाला खातो. अन्न आणि कृषी संघटनेच्या हिशोबाने एवढी झुंड एका दिवसात सुमारे ३५ हजार माणसांचे अन्न फस्त करते, आणि वाऱ्याबरोबर दिवसाला दीडशे किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. भारतात टोळांवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा १९३९ पासून आहे, ती काही उगाच नव्हे.

पण वाळवंटी टोळ हा रेताड, कोरड्या मुलखाचा. मादी ओलसर वाळूत दहा-पंधरा सेंटीमीटर खोल अंडी घालते. आपल्या जांभ्या दगडाच्या भूमीत आणि अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात त्याचे घर बसणे कठीण. म्हणून कोकणाला आणि गोव्याला टोळांचे भय कधीच नव्हते असे मात्र समजू नका. आपल्या बाजूचा टोळ दुसरा आहे. त्याचे नावच मुंबई टोळ. शास्त्रीय नाव पटांगा सक्सिंक्टा. त्यातले पहिले नाव वाचताना आपला 'पतंग' शब्द आठवल्याशिवाय राहत नाही.

या मुंबई टोळाने १९०१ ते १९०८ या काळात पश्चिम भारतात मोठा धुमाकूळ घातला. तेव्हाच्या सरकारी कीटकशास्त्रज्ञांनी, हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी, १९०३-०४ मध्ये त्याचा माग काढला आणि १९०६ साली त्याच्यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यातून या कीटकाचे वर्षाचे वेळापत्रक समोर आले. वर्षाला एकच पिढी. पावसाळ्याच्या तोंडाशी प्रौढ टोळ पांगतात, पाऊस पडला की गवताळ जमिनीत अंडी घालतात. पिल्ले श्रावण-भाद्रपदात गवतावर वाढतात. पावसाळा सरता सरता त्यांना पंख फुटतात आणि हिवाळ्यात हे तांबूस झालेले टोळ सह्याद्रीच्या रानात मुक्काम ठोकतात. पुन्हा पाऊस येईपर्यंत ते अंडी घालत नाहीत. म्हणजे गवताळ माळ हे त्याचे पाळणाघर आणि घाटातले जंगल हे त्याचे हिवाळी बिऱ्हाड. गोव्याच्या पूर्वेला घाट आणि पश्चिमेला माळ आहेत, तेव्हा हा आपला शेजारीच म्हणायला हवा.

१९०८ नंतर भारतात त्याची तशी धाड पुन्हा आली नाही. कीटक नाहीसा झालेला नाही. तो एकटा-दुकटा नाकतोडा म्हणून आजही गवतात राहतो. पण याच जातीने थायलंडमध्ये काय केले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिथे जंगल तोडून मक्याची मोठी लागवड झाली आणि १९६०च्या दशकापासून हा टोळ मक्याचा शत्रू होऊन बसला. फवारण्यांनी तो आटोक्यात येईना, तेव्हा लोकांनी त्याला पकडून तळून खायला सुरुवात केली आणि तिथे तो बाजारात विकला जाऊ लागला. गोष्ट गमतीची वाटते, पण तिचा अर्थ गंभीर आहे. अधिवास बदलला की निरुपद्रवी कीटक उपद्रवी होऊ शकतो. हाच कीटक, हेच नाव, जागा मात्र वेगळी केली.

आता ओळखण्याकडे वळतो. शिक्षकांनी हा भाग मुलांना घेऊन बांधावर उभे राहून शिकवावा. त्यासाठी भिंग आणि काचेची बरणी एवढे पुरे.

पहिली खूण शृंगिकांची, म्हणजे डोक्यावरच्या मिशांची. त्या शरीरापेक्षा आखूड असतील तर तो खरा नाकतोडा. शरीरापेक्षा लांब, केसासारख्या बारीक असतील तर तो लांब शृंगिकांचा, म्हणजे रातकिड्याच्या कुळाकडचा. पानासारखे हिरवे पंख मिरवणारे आणि रात्री दिव्यावर येणारे ते बहुधा हे दुसरे.

दुसरी खूण कानाची. नाकतोड्याचा कान पोटाच्या पहिल्या वळीवर, पंखाखाली असतो. रातकिड्याच्या कुळात तो पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली असतो. कान पायावर असू शकतो हे ऐकून वर्ग लगेच जागा होतो, हा माझा अनुभव आहे. आवाजही निराळ्या रीतीने निघतो. रातकिडा पंखावर पंख घासतो, आणि आवाज करणारे बरेचसे नाकतोडे मागची मांडी पंखावर घासतात. म्हणून रात्रीची किरकिर आणि भर उन्हातली गवतातली खरखर या दोन वेगळ्या मैफली आहेत.

तिसरी खूण वयाची. पंख अपुरे, खांद्यावर नुसत्या कळ्यांसारखे दिसले तर ते पिल्लू आहे. नाकतोड्याला फुलपाखरासारखा कोश नसतो. अंड्यातून निघालेले पिल्लू आईबापाचीच लहान आवृत्ती असते आणि पाच-सहा वेळा कात टाकून मोठे होते. पिल्लाचा रंग प्रौढापेक्षा अगदी वेगळा असू शकतो, त्यामुळे एकाच जातीला दोन नावे पडण्याचा धोका असतो.

चौथी खूण चेहऱ्याची. बाजूने पाहिले असता चेहरा उभा आहे की मागे तिरपा उतरलेला? पाचवी खूण गळ्याची. पुढच्या दोन पायांच्या मध्ये, छातीच्या बाजूला, बारीक खुंटी आहे का? मुंबई टोळात ती असते, भातावरच्या नाकतोड्यांतही असते, पण गवतातल्या तिरप्या चेहऱ्याच्या कित्येकांत नसते. सहावी खूण मागच्या पंखाची. तो घडी घालून झाकलेला असतो, उडताना तेवढा दिसतो. त्याचा रंग आणि पट्टा पाहिल्याशिवाय काही जाती ओळखताच येत नाहीत.

या खुणा लावल्या म्हणजे मुंबई टोळ असा दिसेल: दोन ते तीन इंच लांब, मजबूत बांध्याचा, डोक्यापासून पाठीवरून मिटलेल्या पंखांपर्यंत मधोमध जाणारा फिका पट्टा, मागच्या पंखाच्या मुळाशी गुलाबी झाक आणि गळ्यात मागे वळलेली खुंटी. असा एखादा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. एकटा आहे तोवर तो नाकतोडा आहे.

मात्र खुणांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागा. अनुभवी शेतकरी किडा पाहण्याआधी तो कुठे बसला आहे ते पाहतो. तेव्हा आपण पेडण्याच्या किनाऱ्यावरून डिचोलीपर्यंत मनाने एक फेरी मारू.

केरी, हरमल, मांद्रे, मोरजी. इथे वाळूच्या टेकड्यांवर मर्यादवेल पसरलेली असते. या वाळूत वाळूच्याच रंगाचे, ठिपक्याठिपक्यांचे छोटे नाकतोडे राहतात. बसलेला दिसत नाही. पाऊल जवळ आले की भुर्रकन उडतो, क्षणभर मागच्या पंखाचा रंग चमकतो आणि खाली बसला की पुन्हा वाळू होतो. वाळूची टेकडी सपाट झाली की त्याचे लपणे संपते.

तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या काठची, आणि डिचोलीत नार्वे, पिळगाव, मये या बाजूची सखल शेते घ्या. खाजन जमीन, बांध, मानस, आणि खारे पाणी सोसणारे कोरगुट भात. भाताच्या पानांवर डोळ्यामागून अंगभर तपकिरी पट्टा गेलेला लहान हिरवा नाकतोडा दिसेल. हा ऑक्सिया. त्याच्या मागच्या पायाची नळी टोकाकडे चपटी झालेली असते, म्हणून पाण्यात पडला तर तो वल्हवत काठ गाठतो. पाण्यातल्या भाताशी त्याचे किती जुने नाते आहे ते त्याच्या पायावर लिहिलेले आहे.

भाताचा दुसरा पाहुणा हायरोग्लायफस. तो मोठा, पिवळसर हिरवा. मानेमागच्या ढालीवर काळ्या रेघा, जणू कोणी चित्रलिपी कोरली आहे, त्यावरूनच हे नाव. मागच्या पायांच्या नळ्या निळसर. हा मात्र खरोखर भाताचे नुकसान करतो. त्याचे वेळापत्रक शेतकऱ्याने जाणलेले बरे. मादी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास बांधाच्या मातीत अंड्यांचे पुंजके घालते. ती अंडी उन्हाळाभर मातीत पडून राहतात आणि जूनच्या पावसाने फुटतात. म्हणून उन्हाळ्यात बांध तासणे हे जुने काम त्याच्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. अंडी उघडी पडतात, उन्हाने वाळतात, मैना आणि साळुंक्या वेचतात. बांध तासणे थांबले, शेत पडीक राहिले आणि गवत माजले, की त्या नाकतोड्याला सुगी. शेत पडीक टाकल्याचा परिणाम शेजारच्या कसणाऱ्याला भोगावा लागतो, तो असा.

मोरड जमिनीवर, पायवाटांच्या कडेला, मातीच्या रंगाचा बुटका, खरबरीत क्रोटोगोनस बसतो. हिरवळीत चातीसारखा दोन्हीकडे निमुळता, हिरवा ॲट्रॅक्टोमॉर्फा असतो. उडताना त्याचा गुलाबी मागचा पंख दिसतो. उंच गवतात ॲक्रिडा असतो, लांब शंकूसारखे डोके आणि तलवारीच्या पात्यांसारख्या चपट्या शृंगिका. हिरव्या गवतात हिरवा, वाळल्या गवतात तपकिरी. मुलांना शोधायला लावा. डोळ्यांना याच्याइतका चांगला व्यायाम नाही.

डिचोलीच्या कुळागरात, हरवळ्याच्या धबधब्याकडच्या ओल्या दगडांवर, शेवाळ्यात नखाएवढे खुजे नाकतोडे असतात. त्यांच्या मानेची ढाल पाठीवरून थेट शेपटापर्यंत गेलेली असते. ते शेवाळे आणि कुजका पाला खातात, पिकाकडे पाहतही नाहीत. त्यांतल्या काही जाती पाण्यात सफाईने पोहतात. सह्याद्रीच्या जंगलाकडे चढत जाल तर डोक्यामागे पानासारखा उंच फडा असलेला टेराटोडीस भेटू शकतो. तसाच काळसर पंखांवर पिवळे ठिपके आणि पोटावर तांबडे पट्टे असलेला ऑलार्किस. त्याला डिवचले तर तो फेस सोडतो. तो भडक रंग म्हणजे "मला खाऊ नका" अशी पाटी आहे.

आता सडा. पेडण्यात मोपा, वारखंड या बाजूला आणि डिचोलीतही जांभ्या दगडाचे पठार आहे. मार्च-एप्रिलमध्ये पाहिले तर काळा करपलेला कातळ. पहिल्या दोन सरी पडल्या की फटींतून गवत येते, खळग्यांत पाणी साठते, श्रावणात रानफुलांचा गालिचा होतो आणि आश्विनात गवत सोनेरी होऊन वाळू लागते. इतक्या थोड्या महिन्यांत नाकतोड्याला अंड्यातून निघायचे, वाढायचे, जोडीदार शोधायचा आणि पातळ मातीत अंडी घालून मोकळे व्हायचे असते. सड्यावरचा नाकतोडा गवताच्या पंचांगाप्रमाणे जगतो. त्याच्यावर टिटवी, चंडोल, खाटीक, नीलपंख, वेडा राघू, कोतवाल आणि सरडे पोसले जातात. गुरांच्या पायांतून उडणारे नाकतोडे टिपत गायबगळे गुरांबरोबर चालतात. त्या सड्यावर नाकतोडे राहिले नाहीत तर वरची सगळी उतरंड कोसळते.

आणि या सड्याला कागदोपत्री आपण काय म्हणतो? पडीक. देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत खडकाळ माळांना स्वतंत्र वर्ग आहे, आणि तो पडीक जमिनीचाच आहे. जिथे वर्षातून चार महिने इतके जीवन उसळते त्या जागेला पडीक म्हटले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. मोप्याच्या सड्यावर आज विमानतळ आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. त्याच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मला तो वाद इथे उकरायचा नाही. मला एवढेच विचारायचे आहे की त्या चर्चेत सडा हा शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने कितीजणांच्या तोंडी होता? रिकामी जागा गेली असे वाटणे वेगळे, आणि एक भरलेले घर गेले हे कळणे वेगळे. दोन्ही बाजूंच्या माणसांनी निदान काय मोजतो आहोत ते जाणून मोजावे.

डिचोलीची गोष्ट खनिजाची. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, अलीकडे परत सुरू होत आहेत. या चढउतारात खाणकामगाराचे, ट्रकवाल्याचे, शेतकऱ्याचे पोट अडकले आहे, त्याविषयी हलकेपणाने बोलू नये. पण टाकाऊ मातीच्या डोंगरांवर हिरवे दिसावे म्हणून जी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली तिच्याखाली जाऊन पाहा. जाड वाळक्या पाल्याचा थर, गवत जवळजवळ नाही, आणि म्हणून नाकतोडाही नाही. हिरवे दिसणे आणि जिवंत असणे यांतला फरक तिथे नाकतोडा सांगतो. पावसाबरोबर ज्या शेतांत खाणीचा गाळ उतरला, तिथेही बांधावर कोण परतले आणि कोण नाही याची नोंद शाळेतली मुले ठेवू शकतील. प्रयोगशाळेची गरज नाही.

दुसरा धोका घाबरून केलेल्या फवारणीचा. उडी मारते ते सगळे टोळ, असे मानून औषध मारले तर मरते कोण? नाकतोड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी स्केलिओ नावाची बारीक गांधीलमाशी मरते. फोडकिड्याची पिल्ले मातीतली नाकतोड्याची अंडी खातात, पण फवारणीत त्याचे प्रौढ फुलांवरच मरतात. कोळी मरतात, बेडूक उपाशी राहतात. पुढच्या वर्षी भातावरचा नाकतोडा परत येतो आणि त्याला आवरणारे हात कमी झालेले असतात. नाव चुकल्याची किंमत ही अशी शेतात वसूल होते. शंका आली तर फोटो काढावा, जागा आणि झाड लिहून ठेवावे आणि कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेत विचारावे. एक दिवस थांबल्याने एकट्या नाकतोड्याची धाड होत नाही.

आता अकादमीकडे आणि आपणा सर्वांकडे येतो. शिक्षक पाठ्यपुस्तकातून अन्नसाखळी शिकवतात: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. पाचवीतल्या मुलाला ती पाठ असते. पण त्यातला नाकतोडा हा चित्रातला हिरवा किडा असतो, त्याला ना गाव ना बांध. लेखकांच्या कथेतही "गवतात कुठलासा किडा ओरडत होता" असे वाक्य येते. कुठलासा का? आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला त्यातले काही वेगळे सांगता येत होते. त्यांनी वापरलेली नावे, त्यातली काही मराठी, काही कोंकणी, काही सीमेपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीकडची, अजून वाड्यांवर बोलली जातात. पण गुरे राखणारा, बांध तासणारा, गवत कापणारा माणूस कमी झाला की त्याच्याबरोबर ती नावे जातात. शब्दाला वापराची जमीन लागते.

म्हणून माझी विनंती आहे की पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांपुरता तरी नाकतोड्यांच्या आणि त्यांच्या जागांच्या नावांचा एक कोश शाळा-महाविद्यालयांच्या मदतीने तयार व्हावा. प्रत्येक नोंदीत सहा गोष्टी असाव्यात: गावात ऐकलेले नाव जसेच्या तसे, सांगणाऱ्याचे वय आणि व्यवसाय, गाव, जागा म्हणजे सडा की मोरड की खाजन की कुळागर, महिना, आणि कशावर बसला होता ते झाड किंवा गवत. सोबत वरून आणि बाजूने काढलेले दोन फोटो. शास्त्रीय नाव जाणकार नंतर जोडतील. ज्याला गावात नाव सापडणार नाही त्याची जागा रिकामी ठेवावी, घरी बसून गोंडस नाव बनवू नये. एकाच किड्याला तीन वाड्यांवर तीन नावे मिळाली तर तिन्ही ठेवावीत, आणि एकाच नावाखाली तीन किडे सापडले तर तेही नोंदवावे. कोशकाराचे काम निवाडा करण्याचे नाही, ऐकण्याचे आहे. विद्यार्थी मित्रांनो, किडा मारून टाचणीला टोचायची गरज नाही. बरणीत घ्या, खुणा पाहा, त्याच गवतावर सोडून द्या.

या कामाला योग्य वेळ सप्टेंबर-ऑक्टोबरची. तेव्हा बहुतेक जाती प्रौढ झालेल्या असतात, भात पोटरीत किंवा पिकत आलेले असते आणि सड्यावरचे गवत अजून कापलेले नसते. एका वर्गाने एक सडा, एक बांध आणि एक कुळागर निवडावे आणि दर वर्षी त्याच जागी त्याच आठवड्यात जावे. पाच वर्षांनी जी वही तयार होईल ती भाषेचीही असेल आणि भूमीचीही. उद्या एखाद्या जागेविषयी निर्णय घ्यायची वेळ आली तर गावाच्या हातात "इथे काही नव्हते" या वाक्याला उत्तर असेल, आणि ते उत्तर आपल्या भाषेत, आपल्या नावांनिशी लिहिलेले असेल.